उणे एक

फोन त्याच्याच खिशात वाजला.

वाजला असंही नाही, थरथरला. टेबलाच्या त्या बाजूला तो उभा, या बाजूला मी, मधे माझा गार झालेला चहा आणि 'स्लो लर्नर्स'ची यादी. यादीत सतरा नावं होती, त्याचं अकरावं. प्रत्येकाशी बोलायचं, पालकांना फोन करायचा, फॉर्म भरून द्यायचा, असं वरून आलं होतं. प्रवेशाच्या वेळच्या माहितीतून त्याच्या वडलांचा नंबर मी लावला, रिसीव्हर कानाला धरला आणि पलीकडे रिंग जाते न जाते तोच त्याच्या पँटच्या उजव्या खिशात घुर्र घुर्र सुरू झालं. त्यानं झटकन खिशावर हात ठेवला, पाखरू दाबून धरावं तसा. मी फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही. पाच-सहा वेळा वाजू दिला आणि वर म्हणाले, "उचल की. तुझ्या बाबांना आलाय."

तो म्हणाला, "मॅडम, थो नंबर माहाच आहे."

तेव्हा मला माझा विनोद बरा वाटला होता. रात्री भांडी आवरताना तोच घशाशी आला. पोरगा मारेगावकडचा, वय एकवीस, पहिल्या वर्षाला. वर्षभर कॉलेजातून जे मेसेज जातात, डिअर पॅरेंट, युवर वॉर्ड अमुक परीक्षेला नापास, युवर वॉर्ड तमुक तासाला गैरहजर, ते सगळे त्याचे त्यालाच येत होते. लेक्चरला बसल्या जागी खिशात थरथर व्हायची आणि पोराची बातमी बापाला पोचायची. का केलंस असं, हे मी त्याला विचारलं होतं. आधी "काही नाही" झालं, मग "चुकून" झालं, मग खाली बघत म्हणाला, "बाबाजवळ फोन आहे मॅडम, पण त्याले इंग्रजी वाचता येत नाही. थे शेजारच्या पोट्ट्याले वाचाले लावते. मंग गावभर होते." गावात बसथांब्याजवळ त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, भावी डॉक्टर म्हणून. ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं होतं. फ्लेक्स अजून तिथंच आहे, म्हणाला, वाऱ्यानं एक कोपरा फाटला, पण कोणी काढत नाही.

फॉर्मवर 'मागे पडण्याचे कारण' असा रकाना होता. पर्याय छापलेले: उपस्थिती, भाषा, आजारपण, वसतिगृह, कौटुंबिक, इतर. मी 'भाषा'वर खूण केली आणि पुढचं नाव हाक मारून बोलावलं.

या विषयावर जगभर शोधनिबंध निघतात. आमच्याकडेही एखाद्याला सोपा विषय हवा असला की प्रश्नावली वाटून मोकळा होतो. बारावीचे गुण किती, झोप किती तास, आईवडील किती शिकलेले, मोबाइल किती वेळ. उत्तरं बहुधा तीच येतात: आधी हुशार असलेला पुढेही हुशार राहतो, वर्गात येणारा न येणाऱ्यापेक्षा बरा, झोपणारा जागणाऱ्यापेक्षा बरा. खोटं त्यात काही नाही. पण आमच्या उन्हाळ्याचा रकाना मी अजून एकाही प्रश्नावलीत पाहिला नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, होस्टेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. पोरं चादर ओली करून अंगावर घेतात, ती अर्ध्या तासात वाळते, पुन्हा उठून ओली करतात. ज्याच्या खोलीत कूलर आहे त्याच्याकडे सगळे अभ्यासाला जातात आणि अभ्यास सोडून सगळं करतात. मग कोणी सहा तास झोप लिहितो, कोणी सात. लिहायला काय जातं!

हिमोग्लोबिनच्या प्रॅक्टिकलला तर मला दरवर्षी धाकधूक असते. आम्ही अजून साहलीची जुनी पद्धत शिकवतो. स्वतःच्या बोटाला सुई टोचायची, नळीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल असतं त्यात मोजून रक्त सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्त चहाच्या काढ्यासारखं तपकिरी होतं. मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पातळ करायचं आणि आकडा वाचायचा. बाईला बारा ग्रॅम तरी हवं. मागच्या वर्षी एका मुलीचा रंग आठालाच जुळला. ती म्हणाली, "मॅडम, ट्यूब खराब आहे." मी दुसरी नळी दिली. पुन्हा आठ. शेजारणीची बारा भरली होती, तीच नळी तिनं मागून घेतली. तिसऱ्यांदा बोट टोचून घेताना तिचा चेहरा नापास झाल्यासारखा होता. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आहे हे तिनं आठवड्यापूर्वी माझ्याच लेक्चरमध्ये लिहून घेतलं होतं, पण त्या बायकांत आपणही असू हे कोणाला वाटतं? दुपारी दोनच्या तासाला जी मागच्या बाकावर डोकं टेकते तीच ही. आम्ही तिला आळशी म्हणत होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

मी स्वतः १९९४ साली डॉक्टरीला लागले. तेव्हा 'नीट' ही प्रवेशपरीक्षा नव्हती, बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यातून मी पहिलीच. कॉलेजचं पहिलं आठवतं ते डिसेक्शन हॉल. फॉर्मालिननं डोळ्यांना येणारं पाणी, त्या पाण्याला रडणं समजून चिडवणारी पोरं, आणि टेबल. एका देहाभोवती आम्ही वीस-पंचवीस जणं. कोणी जागा नेमून दिलेल्या नव्हत्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्या ठरून गेल्या. ज्यांच्या घरी दवाखाना होता ती मुलं देहाच्या उशाशी, हातात चिमटा आणि स्काल्पेल. माझी उंची पाच फुटाला कमी. मी तिसऱ्या रांगेत, दोन खांद्यांच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. दिसायचं ते डेमॉन्स्ट्रेटरचं मनगट आणि घड्याळ. हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी स्टूल पडलेलं असायचं. त्यावर उभं राहिलं असतं तर सगळं दिसलं असतं. वर्षभरात मी ते स्टूल उचललं नाही. कोणी मनाई केली नव्हती, कोणी घे म्हणालंही नव्हतं. आमच्याकडे पाव्हण्याच्या घरी पाणी मागून प्यायचं नसतं, दिलं तर घ्यायचं, असं आईनं शिकवलेलं. ते वळण मी डिसेक्शन हॉलमध्येही पाळलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उशाशी उभ्या असलेल्या मुलांना फक्त जास्त दिसत नव्हतं, त्यांना आधीच ठाऊक असायचं. कुठल्या सरांना कुठला प्रश्न आवडतो, कुठल्या सीनिअरच्या नोट्स धरायच्या, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिलं वाक्य व्याख्येनं सुरू करायचं, हे त्यांना जेवणाच्या ताटावर मिळत असे. मला जेवणाच्या ताटावर कापसाचा भाव मिळायचा.

पहिल्या वर्षी मी फिजिओलॉजीत, म्हणजे शरीर चालतं कसं त्या विषयात, नापास झाले. हो, जो विषय आज शिकवते त्यातच. घरी आंतरदेशीय पत्र टाकलं, 'निकाल लांबला आहे.' आठवड्यानं बाबा आले, न कळवता, एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात गुंडाळलेला ठेचा. त्यांना मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी नाही. निकाल नोटीस बोर्डावर लागलेला, फक्त रोल नंबरांचा. मला वाटलं यांना काय कळणार. मी त्यांना झाडाखाली बसवलं आणि चहा आणायला गेले. परत आले तर बोर्डासमोर उभे, बोट एकेका आकड्यावरून खाली नेत. जिनिंगवर मापाच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्यांना इंग्रजी आकडे पक्के झाले होते, आणि माझा रोल नंबर ते दर महिन्याला मनीऑर्डरवर लिहायचे. दोनदा बोट वरून खाली गेलं. मग त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि पाऊस-पाण्याचं बोलले. मीही बोलले. संध्याकाळच्या गाडीत चढताना, पायरीवर एक पाय असताना म्हणाले, "सहा महिन्यांनी परत असते म्हनते शिपाई." एवढंच. ते वाक्य त्यांनी दिवसभर जपून ठेवलं होतं आणि गाडी सुटायच्या वेळी दिलं, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

या पोराला मी हे सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं, पण ती बाई फोन वाजू देणारी होती, तिला ही गोष्ट सांगण्याचा काय अधिकार.

'भाषा'वरच्या त्या खुणेनंही मला झोपू दिलं नाही. मध्य प्रदेशानं २०२२ साली पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. मराठीत पुस्तकं आली तर चांगलंच, माझा विरोध नाही. पण मोठ्या मेंदूला सेरेब्रमऐवजी प्रमस्तिष्क म्हटल्यानं मारेगावच्या पोराला घरची आठवण येईल असं मला वाटत नाही. दोन्ही शब्द त्याला पाव्हणेच. तरी एकदा मी हौस करून बघितली. मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्याचा धडा होता, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारं रसायन, ॲसिटिलकोलिन. वाटलं, हे तर आपल्या मातीतलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ज्या औषधांनी हे होतं त्यांतली कितीतरी ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइमच बंद पाडतात. म्हणून लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरते. मी मराठीतून विचारलं, "फवारणीचं औषध अंगात गेलं की माणसाच्या तोंडाला फेस का येतो?" आणि विचारताना माझी नजर नको तिथं गेली. त्याच्यावर. शंभर माना मागे वळल्या. त्यानं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. उत्तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं दिलं, आईवडील दोघंही डॉक्टर, लक्षणांची आद्याक्षरं जुळवून बिनचूक, आणि मुलगी खरोखर गुणी आहे, तिच्यावर रागवायला जागा नाही. तासानंतर त्याला व्हरांड्यात गाठलं तर म्हणाला, "काका होता मॅडम. वार्डात आठ दिवस मीच होतो त्याच्याजवळ." मी विचारलं, काका आता कसे आहेत? "आहे. फवाऱ्याले हात लावत नाही." मला वाटलं होतं मी पूल बांधते आहे. त्याला वर्गासमोर उभं करून मी त्याच्या कपाळावर गावाचं नाव तेवढं लिहिलं.

आमच्या विभागात एक सर सेवाग्रामचे आहेत. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलेल्या तिथल्या कॉलेजात नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस आश्रमात ठेवतात, खादी घालायची, झाडायचं, सूत काढायचं. सरांना मी विचारलं, त्यानं अभ्यासात काय फरक पडतो? सर म्हणाले, "फरक बिरक माहीत नाही. पण मुंबईचा एक डॉक्टरपुत्र माझ्या शेजारी खराटा उलटा धरून झाडत होता, ते मी पाहिलं होतं. पुढं ॲनाटॉमीच्या टेबलावर मला त्याची भीती वाटली नाही." आता सगळ्याच कॉलेजांत २०१९ पासून फाउंडेशन कोर्स आहे. आमच्याकडे तो बराचसा एसी हॉलमध्ये पडद्यावर होतो. खराट्याचा त्यात संबंध नाही.

दिवाळीनंतर मी संध्याकाळी पाचला लॅब उघडी ठेवू लागले. सक्ती नाही, हजेरी नाही. सतरांपैकी पाच-सहा जण यायचे, त्यात तो. लिहून विचारलं तर त्याला बरंच यायचं. चार पर्याय दिले तर जवळजवळ सगळंच यायचं. तोंडी विचारलं की कुलूप. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे काहीतरी बोल! चूक असेल तर असू दे!" तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि विचारलं, "चुकलं तर मायनस नाही जात काय?"

मी हसले. मग हसू थांबलं.

नीटला एकशे ऐंशी प्रश्न. बरोबर आला तर चार, चुकला तर उणे एक, सोडला तर शून्य. तो पहिल्यांदा बसला तेव्हा थोडक्यात गेला, मग एक वर्ष घरी काढलं, एक लातूरला. दोन वर्षं रोज, सकाळ-संध्याकाळ, टेस्ट सिरीज. तिथं त्याला जे शिकवलं त्यातलं जीवशास्त्र तो विसरला असेल, पण खात्री नसेल तर हात लावायचा नाही, हे हाडात मुरलं. गप्प बसलेल्याचं काही जात नाही. त्याच शहाणपणावर तो सातशे वीसमधले गुण मिळवून इथवर आला, आणि आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला तोंड उघड म्हणतो.

आणि ते काही लातूरनंच शिकवलं असंही नाही. कोरडवाहू घरात चुकीची किंमत शून्य कधी नसते. मृग बरा बरसला म्हणून पेरलं आणि पुढं पंधरा दिवस उघाड पडली, की बियाणं गेलं, खत गेलं, दुबार पेरणीला पुन्हा कोणापुढं तरी हात. त्या वर्षी मोठ्या बहिणीचं लग्न पुढं जातं. घरात कोणी ते बोलून दाखवत नाही. असं चार-सहा वर्षांत एकदा तरी ज्यानं पाहिलं, त्याला 'अंदाजानं सांग' म्हणणारी मास्तरीण म्हणजे चेष्टाच वाटत असणार. पहिल्या बाकावरची ती मुलगीही चुकते, मजेत चुकते, "सॉरी मॅम" म्हणून पुढं बोलत राहते. तिला कोणी उणे एक दिलेला नाही.

मला हे सारं कळलं म्हणून काही बदललं असं नाही. व्हायव्हाला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला मी काय सांगणार, की याला जरा खराटा उलटा धरून दाखवा?

डिसेंबरातली गोष्ट. बाहेर सरकीच्या ढेपेचा वास, जवळ कुठं तरी ट्रक उभा असावा. लॅबमध्ये तो आणि आणखी दोघं. मी विचारलं, "बसलेला माणूस एकदम उठून उभा राहिला, तर नाडीचं काय होतं?" नेहमीसारखं कुलूप. मी वाट पाहिली, माझ्याच घड्याळाकडे न बघता. मग तो म्हणाला, "मॅडम, चुकीचंच असन. पण कमी होते."

चुकीचंच होतं. मी म्हटलं, "काऊन कमी होते?" माझ्या तोंडून तो शब्द किती वर्षांनी आला कोण जाणे. "उभं राह्यलं की रक्त खाली पायात उतरते," तो म्हणाला, "वरतं कमी येते. हृदयाले रक्तच कमी आलं त थे ठोके कमीच मारन ना." अर्धं बरोबर होतं, उरलेलं अर्धं साफ उलटं, आणि मधली गाठ त्यानं स्वतः मारलेली. मी काही बोलले नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच खुर्चीवर बसला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजू लागला. मग झटक्यात उभा राहिला. पुन्हा मोजू लागला. त्याच्या भुवया वर गेल्या. "वाढले मॅडम," तो म्हणाला, "लय वाढले," आणि बोटं मनगटावरून न काढता परत बसला, परत उठला. बाकीचे दोघंही आपापली मनगटं धरून उठबस करायला लागले. बाहेरून कोणी बघितलं असतं तर मी शिक्षा दिली असं वाटलं असतं.

तेवढ्यात त्याच्या खिशात घुर्र झालं. त्यानं फोन काढला, वाचला आणि माझ्यापुढं धरला. डिअर पॅरेंट, युवर वॉर्ड वॉज ॲबसेंट फॉर प्रॅक्टिकल टुडे. सकाळी हजेरीच्या यंत्रानं बोट घेतलं नसावं, हिवाळ्यात कापूस वेचलेल्या बोटांचं असंच होतं, आणि तो नुकताच दोन दिवसांची सुट्टी काढून घरी वेचणीला जाऊन आला होता.

"मॅडम," तो म्हणाला, दुसऱ्या हाताची बोटं अजून नाडीवरच, "याले कळवू काय, पोरगं आलं आहे म्हनून?"